निदान, क्षमता की घरची परिस्थिती? दिव्यांग मुलाची पात्रता ठरवताना

दिव्यांग मुलांसाठीचं विशेष समाजकार्याचं पथक छोटं असतं आणि मदत हवी असलेली घरं पुष्कळ, म्हणून कोणत्या मुलाला घ्यायचं याची कुठेतरी रेघ ओढावीच लागते. ती निदानावरून ओढता येते, मुलाला रोजच्या जगण्यात काय जमतं यावरून, किंवा घरावर पडणाऱ्या भारावरून. निकष लिहायला बसला असाल, तर प्रत्येक पद्धतीत कोणतं मूल निसटतं ते आधी पाहा.

निदानाची पद्धत सर्वांत सोपी. कागद पाहिला की उत्तर मिळतं, आणि ते माणसागणिक बदलत नाही. पण सेरेब्रल पाल्सीचंच घ्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहण्याचं. तिच्यात मुलाला कितपत हालचाल जमते ते सांगणाऱ्या, १९९७ साली मांडलेल्या जीएमएफसीएस वर्गीकरणात पाच पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवरचं मूल चालतं, जिने चढतं. पाचव्या पातळीवरच्या मुलाला मान सावरणंही कठीण जातं. दोघांच्या कागदावर आजाराचं नाव एकच. दुर्मीळ आजाराच्या मुलाला तर नाव मिळेपर्यंतच वर्षं निघून जातात. आणि ऑटिझम असलेलं, बुद्ध्यांक चांगला असलेलं, पण धोका न कळून भर रस्त्यात धावत सुटणारं मूल? ‘बौद्धिक अक्षमता नाही’ एवढ्यावरून त्याला नाकारणारा निकष मला सरळसरळ अन्यायाचा वाटतो.

क्षमतेवरून ठरवणं जास्त न्याय्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणाने शरीरासोबत रोजची कामं, लोकांत मिसळणं आणि भोवतालचे अडथळेही विचारात घेतले. युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप (दिव्यांगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) यांची २ ते ४ आणि ५ ते १७ वयोगटांसाठीची प्रश्नावली आजाराचं नाव विचारतच नाही. पाहणं, ऐकणं, चालणं, बोललेलं समजणं यांत किती अडचण येते ते विचारते. ती सर्वेक्षणासाठी आहे, एका मुलाची पात्रता ठरवायला तिचे गुण मोजू नका. त्यातली वयाची तुलना मात्र उचलण्यासारखी. दोन वर्षांच्या मुलाला भरवावं लागतं, यात वेगळं काही नाही. दहा वर्षांच्या मुलाला लागत असेल तर आहे.

इथे चूक होते ती प्रश्न विचारण्यात. ‘रात्री झोपतो का?’ आई म्हणते, ‘हो, झोपतो.’ ती रात्रीतून तीनदा उठून त्याची कूस बदलते, म्हणून तो झोपतो. वर्षानुवर्षं केलेलं काम तिला आता काम वाटत नाही, आणि तक्रार केल्यासारखं होईल म्हणून ती बोलतही नाही. तेव्हा ‘जमतं का’ एवढ्यावर थांबू नका. कोणाच्या मदतीने, दिवसातून कितीदा, आणि ती व्यक्ती आजारी पडली तर काय, हे विचारा. फेफरं येणाऱ्या मुलाला एखाद्या चांगल्या दिवशी भेटून निर्णय देऊ नका.

घरच्या परिस्थितीला १९८९ च्या बालहक्क करारातही जागा आहे: कलम २३ नुसार मदत मुलाच्या स्थितीला आणि त्याला सांभाळणाऱ्यांच्या परिस्थितीला साजेशी हवी. पण केवळ यावर विसंबलं तर निमूटपणे निभावून नेणारं घर कोलमडेपर्यंत मागे राहतं, आणि नीट मांडू शकणारे पालक पुढे जातात. मुलाशी कोणी बोलतच नाही, हे त्याहून वाईट.

म्हणून माझं मत असं: पाया क्षमतेचा, तोल घरच्या परिस्थितीने ठरवायचा, आणि निदान फक्त दार लवकर उघडण्यासाठी, बंद करण्यासाठी कधीच नाही. त्यात एक प्रश्न जोडा: या मुलाला समजून घ्यायला याच पथकाचं कौशल्य लागेल का? चित्रांच्या पाटीवरून बोलणाऱ्या मुलाला कोणी इजा करत असेल, तर ते त्याच्याकडून समजून घेणं सगळ्यांना जमत नाही.

मदतीचा हक्क आणि या पथकाची पात्रता, या दोन गोष्टीही वेगळ्या ठेवा. इंग्लंडच्या १९८९ च्या बालक कायद्यातलं कलम १७ प्रत्येक दिव्यांग मुलाला ‘गरजू बालक’ मानतं. विशेष पथकाच्या निकषात ते बसलं नाही, म्हणून हे स्थान जात नाही. नकाराच्या पत्रात आता कोण मदत करेल ते लिहा. पुन्हा कधी यायचं तेही लिहा: शाळा बदलताना, वयात येताना, किंवा मूल उचलून घेण्याइतकं हलकं राहिलं नाही तेव्हा.