बाबांच्या फोनवर विकतचा अँटिव्हायरस : सात महिन्यांनी काढून टाकला

वर्षाचे ५९९ रुपये भरले होते, पाच महिने शिल्लक आहेत, तरी काल रात्री काढून टाकला.

बाबा सांगलीत एकटे असतात, पेन्शनचं खातं फोनवर. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान'च्या नावाने खोट्या एपीके फायली (उघडल्या की फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या) फिरायला लागल्या म्हणून मी धास्तावून घेतला. सुरुवातीला समाधान होतं. रोज सकाळी हिरवी खूण, 'फोन सुरक्षित आहे'. बॅटरी थोडी लवकर उतरायची, एवढंच.

मग लाल सूचना सुरू झाल्या. 'तुमचा फोन धोक्यात आहे!' बाबा घाबरून मला फोन करणार, मी पुण्यात काम सोडून ऐकणार, आणि निघायचं काय, तर ४०० एमबी कचरा साठलाय. पुढच्या वेळी, महागडा प्लॅन घ्या. त्याच्या पुढच्या वेळी वायफाय असुरक्षित, तेही घरचंच! व्हायरसला जो लाल रंग, तोच कचऱ्याला, तोच जाहिरातीला. सूचना बंद केल्या तरी अपडेट आलं की पुन्हा चालू. कस्टमर केअरला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर एकच: 'तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे.'

एक मात्र खरं. वीजबिलाच्या नावाने आलेली खोटी लिंक त्याने अडवली, आणि त्या दिवशी मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. पण तशीच लिंक माझ्या फोनवर आली, तेव्हा क्रोमनेही अडवली, फुकट. शिवाय या लिंकतपासणीसाठी त्याने अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी घेतली होती, म्हणजे स्क्रीनवरचं वाचायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची मुभा. खाती रिकामी करणारी खोटी अ‍ॅपंही हीच परवानगी मागतात. ती कशी द्यायची हे बाबांना मीच शिकवलं, याचं फार वाईट वाटतं.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप आपापल्या कप्प्यात बंद असतं. अँटिव्हायरस हेही त्यातलंच एक अ‍ॅप, दुसऱ्याच्या कप्प्यात त्याला डोकावता येत नाही. कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरससारखं ते खोलवर जाऊ शकत नाही. २०१९ साली ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या अँटिव्हायरसची चाचणी घेणाऱ्या संस्थेने २५० अँड्रॉइड अँटिव्हायरस तपासले. ३० टक्क्यांहून जास्त घातक अ‍ॅपं पकडणारे आणि चांगल्या अ‍ॅपला उगाच दोष न देणारे निघाले फक्त ८०. गूगलचा स्वतःचा अ‍ॅपतपासनीस, प्ले प्रोटेक्ट, हाही त्यात फार चमकला नव्हता, पण तो २०१७ पासून फोनमध्येच असतो आणि पैसे मागत नाही.

तरी वर्ष संपेपर्यंत ठेवणार होते. गेल्या आठवड्यात ओळखीच्या नंबरवरून 'लग्नपत्रिका.एपीके' आली. बाबांनी उघडली. अनोळखी अ‍ॅपमुळे धोका आहे, असं फोनने स्वतः बजावलं. अँटिव्हायरस गप्प, कारण तो अ‍ॅप इन्स्टॉल झाल्यावरच तपासतो. बाबांचा मला फोन: "अगं, पत्रिका उघडेना. परवानगी कुठे द्यायची?"

"धोका आहे असं लिहिलेलं वाचलं नाहीत?"

"ते रोजचंच असतं की!"

माझे हातपाय गार पडले. सात महिन्यांत त्या अ‍ॅपने बाबांची भीतीच घालवली होती, आणि मी त्याचे पैसे भरत होते.

काल सांगलीला जाऊन ऑटोपे रद्द केलं, अ‍ॅक्सेसिबिलिटी काढली, व्हॉट्सअ‍ॅपला अनोळखी अ‍ॅप बसवायची परवानगी नाही ना, ते पाहिलं. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फोनशेजारी भिंतीवर चिकटवला. बाबांच्या फोनला सुरक्षा अपडेट येणं कधीच थांबलंय, ते आधी बघायला हवं होतं. पुढच्या वर्षीचे ५९९ नव्या फोनसाठी बाजूला ठेवले आहेत.