‘शरीराचं वय’ दाखवून आम्हाला असं गंडवलं

आमच्या घरात व्यायाम होत नव्हता असं नाही. सासूबाई रोज संध्याकाळी फिरायला जायच्या, नवरा सुट्टीच्या दिवशी पोहायचा, अकरा वर्षांचा मुलगा खेळून दमूनच घरी यायचा. पण सगळ्यांनी मिळून, ठरवून काही करावं हे माझ्या मनाने घेतलं आणि नेमकी तेव्हाच ‘संपूर्ण कुटुंबासाठी व्यायाम योजना, घरी येऊन मोफत तपासणी’ ही जाहिरात समोर आली.

प्रशिक्षक आला. वजनकाट्यासारखं एक यंत्र जमिनीवर ठेवून त्याने आम्हाला एकेक करून अनवाणी उभं केलं. माझं वय ४१, यंत्रावर ‘शरीराचं वय’ आलं ५३. सत्तरीच्या सासूबाईंचं ७९. प्रत्येक आकडा तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचत होता. मग मुलाकडे बघून म्हणाला, “याचंही पुढे हेच होणार.” माझ्या पोटात गोळाच आला. सवलत फक्त आजच्या दिवसापुरती होती. “दोन दिवस थांबू या,” असं नवरा म्हणत असताना मी वर्षभराच्या कागदावर सही केली.

सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे का, गुडघे कसे आहेत, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नव्हतं. हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

‘प्रत्येकासाठी स्वतंत्र’ म्हणून चार तक्ते आले. दोन आठवडे आम्ही इमानेइतबारे केले. एका सकाळी सासूबाई पलंगाच्या कडेला गुडघा धरून बसल्या होत्या. “अगं, मला या उड्या जमत नाहीत गं. तू एवढ्या हौसेने आणलंस, म्हणून बोलले नाही.” गुडघा सुजला होता. प्रशिक्षकाला फोन केला तर म्हणाला, “दुखतंय म्हणजे लागू पडतंय.”

हे वाक्य कुणी ऐकवलं तर तिथेच थांबा. नव्या व्यायामाने स्नायू ठणकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं आणि मग उतरतं. सांध्याला सूज येणं ही निराळी गोष्ट. डॉक्टरांनी उड्या तत्काळ बंद केल्या.

त्या रात्री मी चारही तक्ते शेजारी ठेवले. नावं सोडली तर सगळं तेच. तेच व्यायाम, तितक्याच वेळा, ‘श्वास’ हा शब्दही चारही ठिकाणी एकाच ओळीत सारखाच चुकलेला. सत्तर वर्षांच्या बाईला आणि अकरा वर्षांच्या पोराला एकच तक्ता! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना फुकट वाचायला मिळतात. त्यात ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगितली आहे, मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा, तर पासष्टीपुढच्यांना शिवाय तीन दिवस तोल सांभाळायचा. म्हणजे सासूबाईंना ज्याची खरी गरज होती, तेच त्या तक्त्यात नव्हतं.

यंत्र योजनेबरोबर आमच्याकडेच राहिलं होतं. एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी त्यावर उभी राहिले, तर माझ्या ‘वयात’ चार वर्षांचा फरक. ते पायातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडतं आणि अडथळा मोजून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी प्यायलं, घाम गेला, की आकडा हलतो. आणि ‘शरीराचं वय’ हे काही वैद्यकीय निदान नव्हे.

पैसे मागितले तेव्हा करारातली बारीक ओळ दाखवली: सुरू झालेल्या योजनेचा परतावा नाही. हप्ते खात्यातून आपोआप कापले जात होते, ते मी बँकेत अर्ज देऊन थांबवले. आधी गेलेले मिळाले नाहीत. चारही तक्ते, करार आणि फोनवरचे संदेश जोडून ग्राहक तक्रार केली आहे, म्हणून सांगते, असलं काहीही खोडून टाकू नका.

सासूबाई आता पुन्हा फिरायला जातात. आल्यावर खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभ्या राहतात आणि नातू शेजारी उभा राहून सेकंद मोजतो.