बँकेतली नोकरी सांभाळून बीएस्सी फिजिक्स: चौदा महिन्यांनंतर

माझी बारावी सायन्स १९९८ची. पुढे बी.कॉम., मग साताऱ्यातल्या एका सहकारी बँकेत कॅश काउंटर. फिजिक्स राहून गेलं ते राहूनच गेलं. शेवटी वयाच्या ४४व्या वर्षी इग्नूच्या, म्हणजे घरी बसून शिकायच्या मुक्त विद्यापीठाच्या, बीएस्सीला नाव घातलं. "कसं काय चाललंय?" असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

बाकीचे पर्याय का सोडले ते आधी. गावातल्या कॉलेजात वयाबद्दल कुणी हरकत घेतली नाही, पण ७५ टक्के हजेरी आणि दुपारची प्रॅक्टिकल्स म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. आयआयटी मद्रासची घरबसल्या होणारी बीएस खूप जण सुचवतात; मी पाहिली ती डेटा सायन्सची नि इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सची, फिजिक्सची नव्हे. एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीतल्या प्राध्यापकांची ऑनलाइन व्याख्यानं मी आवडीनं ऐकते, पण नुसती व्याख्यानं ऐकून पदवी कोण देणार?

इग्नूची ही पदवी १३२ क्रेडिटची, किमान ३ वर्षांची, जास्तीत जास्त ६. एका क्रेडिटला ३० तास अभ्यास धरतात, म्हणजे ४ क्रेडिटच्या थिअरीला १२० तास. पहाटे दीड तास बसलं तर एका पेपराला ८० दिवस. पाहुणे, लग्नसराई, ताप यात धरलेले नाहीत. शिवाय पदवी निव्वळ फिजिक्सची नाही, सोबत आणखी दोन विषय लागतात. मी गणित आणि केमिस्ट्री घेतली. केमिस्ट्री पदरी पडली नि पवित्र झाली.

असाइनमेंटला ३० टक्के, परीक्षेला ७०. असाइनमेंट हातानं लिहायची. पंचवीस वर्षं फक्त सह्या आणि आकडे लिहिलेला हात दुसऱ्या पानावर भरून आला. आणि मेकॅनिक्सच्या आधी मला अडवलं ते डेरिव्हेटिव्हनं. मुलाची अकरावीची गणिताची पुस्तकं घेऊन दोन महिने मागे गेले. तो म्हणाला, "आई, हे तर आमचं पहिल्या टेस्टचं आहे." असू दे.

खरी मेख प्रयोगशाळेत आहे, आणि प्रवेश घेताना नेमकं तेच मी विचारलं नाही. थिअरी घरी होते, लॅब होत नाही. लॅब प्रत्येक अभ्यासकेंद्रावर नसते आणि तिथे हजेरी सक्तीची. माझी आली पुण्यात, तीही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात! बँकेत काम केलेल्या कुणालाही सांगा, मार्चअखेरीला रजा मागून बघा. ती बॅच हुकली, पुढच्या बॅचला गेले. म्हणून माहितीपत्रक उघडाल तेव्हा अभ्यासक्रमाची पानं नंतर वाचा. आधी लॅब कुठे, सलग किती दिवस आणि तेवढी रजा शिल्लक आहे का ते बघा. फिजिक्स सगळीकडे तेच आहे.

एवढं करून गेले, तर लॅबमध्ये पहिल्याच दिवशी फजिती. बार पेंड्युलम, म्हणजे भोकं पाडलेली लोखंडी पट्टी. एकेका भोकात टांगायची, वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा, आलेख काढायचा आणि त्यावरून जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा. तो यायला हवा ९.८च्या आसपास. माझा आला १०.८६. पुन्हा गणित केलं, पुन्हा तेच. नोटा मोजण्यात माझी चूक होत नाही, तर इथे कशी? शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी बराच वेळ बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही स्टॉपवॉच सुरू करताना 'एक' म्हणता. 'शून्य' म्हणायचं."

नोटांची सवय! पहिली नोट हातात आली की एक. पण पट्टी सोडली तेव्हा अजून एकही आंदोलन झालेलं नसतं, म्हणजे माझी वीस ही खरी एकोणीस होती. त्यामुळे एका आंदोलनाचा वेळ कमी निघायचा आणि जी जास्त. सगळी रीडिंग परत घेतली, जेवणाची सुट्टी गेली, जी आला ९.७४. वहीत १०.८६चा तक्ताही ठेवलाय, वर तिरकी रेघ मारून.