गुबगुबीत रेडकू रंगवताना: स्केचपेन की अल्कोहोल मार्कर?

कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीमागे उभे असलेले रेडकू कार्टूनमध्ये आणायचे, तर डोके अंगाच्या निम्म्याएवढे मोठे, डोळे एकमेकांपासून दूर आणि जरा खाली काढावेत. गोडवा तिथूनच येतो. खरा प्रश्न रंगाचा आहे.

पाण्याच्या शाईचे स्केचपेन पोरांच्या हाती निर्धास्त देता येतात. मात्र रेडकाच्या गोल पोटासारखा मोठा भाग भरताना आधीची रेघ वाळते, पुढची तिच्यावर चढते आणि गडद पट्टे उमटतात. ते मिटवायला पुन्हा घासले, तर साध्या चित्रकला वहीच्या कागदाचे बारीक गोळे निघतात. बारीक पापण्या आणि गळ्यातली घुंगरे यांसाठी मात्र त्यांचे टोक मला अजूनही उत्तम वाटते.

अल्कोहोल मार्करची शाई कागदात मुरते आणि ओली असेपर्यंत शेजारच्या रेघेत मिसळते, म्हणून फिकट राखाडीवर लगेच गडद राखाडी फिरवली, की पोटाची गोलाई आपोआप दिसू लागते. ही शाई पलीकडच्या पानावरही उतरते, त्यामुळे खाली जाड कागद ठेवावा. बाह्यरेषा साध्या पर्मनंट मार्करने काढू नये, कारण त्याची शाईही बहुधा अल्कोहोलचीच असल्याने काळा रंग पसरतो. त्याऐवजी पिगमेंट शाईचा लायनर, म्हणजे अल्कोहोलने न पसरणाऱ्या शाईचा बारीक टोकाचा पेन, घ्यावा. किंमत जास्त असली तरी सुरुवातीला तीन राखाडी आणि नाकासाठी एक गुलाबी पुरतो. अंगाला मार्कर आणि तपशिलाला स्केचपेन, अशी जोडी मी निवडेन. डोळ्यातला पांढरा ठिपका कोराच सोडावा.