धुरकटलेल्या मिनिएचरसाठी व्हायेहोचे ग्लॉस वार्निश: एक परीक्षण

रंगवून पूर्ण झालेल्या मिनिएचरवर, म्हणजे खेळातल्या छोट्या मूर्तीवर, मॅट (बिनचमकीच्या) वार्निशचा शेवटचा फवारा मारावा आणि तासाभराने पाहावे तर गडद रंगावर पिठी चाळल्यासारखा पांढुरका थर बसलेला असावा, तेव्हा पोटात कसा गोळा उठतो, हे ज्याच्यावर ती वेळ आली आहे त्यालाच कळेल. माझ्यावर ती वेळ २८ मिलिमीटर मापाच्या एका घोडेस्वाराने आणली. त्याच्या किरमिजी झग्यावर मी तीन आठवड्यांच्या संध्याकाळी घालवल्या होत्या. उंचवट्यांवरचा रंग बऱ्यापैकी शाबूत होता, पण चुण्यांच्या खोलीत, म्हणजे नेमकी जिथे सर्वांत गडद छटा हवी तिथेच, दुधाळ साय धरली होती. वार्निश कोणत्या कंपनीचे होते याला येथे महत्त्व नाही. हवा दमट होती आणि मी घाई केली.

अशा वेळी रंग काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचा विचार मनात येतो. तसे करण्याआधी एक साधी चाचणी अवश्य करावी. मी स्वच्छ ब्रश पाण्यात बुडवून झग्याच्या एका चुणीवरून फिरवला. ओल होती तेवढा वेळ किरमिजी रंग जसाच्या तसा वर आला आणि पाणी सुकताच साय परतली. माझा जीव भांड्यात पडला, कारण याचा अर्थ खालच्या रंगाला काहीही झालेले नव्हते.

फवाऱ्यातील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतील बाष्प त्यावर दवासारखे जमते आणि सुकणाऱ्या वार्निशमध्ये सूक्ष्म खड्डे व पोकळ्या मागे राहतात. फार लांबून मारलेला फवारा हवेतच अर्धा सुकून कणांच्या रूपाने बसतो, किंवा कॅन नीट न हलवल्यामुळे वार्निशची चमक घालवणारी सिलिकाची भुकटी एकाच ठिकाणी जास्त पडते, तेव्हाही परिणाम असाच दिसतो. हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) १ आणि वार्निशमधील ॲक्रिलिकचा सुमारे १.४९, असा मोठा फरक असल्यामुळे अशा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि डोळ्यांना पांढरेपणा दिसतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने ते खड्ड्यांत भरले की विखुरणे कमी होते; घासलेली अंधुक काच ओली केल्यावर पलीकडचे दिसू लागते, तसेच हे आहे. म्हणून त्या खड्ड्यांत पाण्याऐवजी कायमचे टिकणारे, पारदर्शक असे काहीतरी भरणे, हा खरा उपाय ठरतो.

त्यासाठी मी व्हायेहो या रंगकंपनीचे ७०.५१० क्रमांकाचे ग्लॉस (चमकदार) वार्निश वापरले. ते पाण्यावर आधारित आहे, ड्रॉपरच्या बाटलीत येते आणि ब्रशने लावता येते, आणि माझ्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. ग्लॉसचा स्प्रेही हे काम करतो आणि पन्नास सैनिकांची अख्खी तुकडी धुरकटली असेल तर तोच सोयीचा पडेल, परंतु ज्या दमट हवेने घात केला त्याच हवेत पुन्हा कॅन हातात घेण्याचे धैर्य मला झाले नाही. ब्रशने लावताना द्रावकाचा झोत नसल्याने तो धोका उरत नाही.

बाटली जोरात हलवू नये, कारण त्यामुळे बुडबुडे होतात; ती दोन तळव्यांमध्ये फिरवून घ्यावी. मी पॅलेटवर तीन-चार थेंब घेऊन त्यात किंचित पाणी मिसळले आणि मऊ सिंथेटिक ब्रशने चुणीच्या दिशेने पातळ हात दिला. खोलगट भागात साचलेले जादा वार्निश जवळजवळ कोरड्या ब्रशने टिपून घेतले. पहिल्या हातातच साय बहुतांशी नाहीशी झाली आणि झग्याच्या कडेवरची, केसाएवढी बारीक नारिंगी रेघ, जी मी गेली असे समजून चाललो होतो, ती पुन्हा स्पष्ट दिसली. दुसरा हात काही तासांनी दिला आणि रात्रभर सुकू दिले.

या टप्प्यावर घोडेस्वार साखरेच्या पाकात बुडवल्यासारखा चकाकत होता. ते पाहून बिचकून जाऊ नये, कारण पूर्ण सुकल्यावर ब्रशने मॅट वार्निशचा एक पातळ हात दिला की चमक उतरते. मी तलवार आणि चिलखत मात्र तसेच ग्लॉस ठेवले. मॅटखाली धातूच्या रंगाचे तेज मरते, आणि या निमित्ताने चिलखत आधीपेक्षा सरस दिसू लागले.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जाड हात दिला तर साखळीच्या चिलखतासारखे बारीक नक्षीकाम बुजते, म्हणून एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही चांगले. बोट फिरवल्यावर पृष्ठभाग पॉलिशपेपरसारखा लागत असेल तर ग्लॉसने रंग खुलेल, पण खरखर पूर्णपणे जाणार नाही.

ऑलिव्ह तेल चोळण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. तेलही खड्डे भरते, त्यामुळे रंग लगेच खुलतो, हे खरे. परंतु ऑलिव्ह तेल जवसाच्या तेलासारखे सुकून घट्ट होत नाही आणि त्या तेलकट थरावर पुढचे वार्निश नीट धरत नाही. हातात घेऊन खेळायच्या मिनिएचरला मी ते लावणार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साय पुसण्याच्या फंदात तर पडूच नये, कारण सायीबरोबर खालचा ॲक्रिलिक रंगही निघून येतो.

माझ्या घोडेस्वाराच्या झग्यात खोगिराला टेकणाऱ्या चुणीत भुकटीचा एक जाड ठिपका शेवटपर्यंत राहिला. दुसऱ्या हातानंतरही तो राखाडीच दिसत होता, तेव्हा ग्लॉस सुकल्यावर त्यावर मूळ किरमिजी रंगाचे दोन पातळ थर दिले आणि मगच मॅट लावले. आता ती जागा मलाही शोधून काढावी लागते.