मुलाचा रिपोर्ट संशोधनाला द्यायचाय, पण कुठल्या मार्गाने?

माझ्या बहिणीच्या मुलाला डीएमडी आहे, म्हणजे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू कमजोर करणारा जनुकीय आजार. गेल्या काही वर्षांत त्याचे रिपोर्ट मागणारे बरेच जण आले, कुणी डॉक्टर, कुणी पीएचडी करणारी मुलगी, कुणी पेशंट ग्रुपमधलं. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता, पण द्यायचं कसं आणि दिल्यावर ते कुठे जातं हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून विचारून, वाचून मला जे कळलं ते लिहितेय. ज्यांच्यापुढे आत्ता फॉर्म आलाय त्यांना उपयोग होईल.

आधी एक सांगते, "नाव काढून टाकू" एवढ्यावर समाधान मानू नका. डायबेटिसवाल्याचं नाव काढलं की तो लाखो लोकांत मिसळून जातो, पण 'वय 13, मुलगा, डीएमडी, अमुक तालुका' असं लिहिलं की गावातलं कुणीही सांगेल हा कोणाच्या घरचा. शिवाय जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी काढलेली वंशावळ बघितलीय का कधी? पुरुषाला चौकोन, बाईला गोल, पेशंटकडे बाण आणि नात्यात लग्न झालं असेल तर मधे दुहेरी रेघ. आमच्या आजीचं लग्न तिच्या सख्ख्या आतेभावाशी झालेलं, तर तीही रेघ त्या कागदावर आहे. नाव एकही नाही, पण आमच्या गावातल्या माणसाला तो कागद दाखवला तर अख्खं घर ओळखेल.

आणि हा आजार एक्स क्रोमोसोमवरचा, म्हणजे बाईला स्वतःला त्रास नसला तरी तिच्याकडून तो मुलाला जाऊ शकतो, त्यामुळे भाच्याचा रिपोर्ट थोडा माझाही आहे आणि माझ्या मुलीचाही. साधारण एक तृतीयांश मुलांत तो बदल नव्यानेच झालेला असतो, आईकडून आलेला नसतो, पण स्थळ बघणारे एवढं ऐकून घेत नाहीत.

आता मार्ग बघू.

पहिला म्हणजे व्हॉट्सअॅप किंवा साधा ईमेल. सगळ्यात सोपा आणि सगळेच करतात. आम्हीही केलं. रिपोर्टचा फोटो एका ग्रुपवर टाकला, वर मुलाचं पूर्ण नाव, खाली बहिणीचा मोबाईल नंबर, आणि पुढे तो कुठेकुठे गेला माहीत नाही पण काही महिन्यांनी एका लांबच्या नातेवाईकांनी माझ्या मुलीबद्दल चौकशी केली तेव्हा मला कळलं की गेलाय. बहीण दोन दिवस जेवली नाही. हा मार्ग आपल्या डॉक्टरांशी बोलायला ठीक आहे, संशोधनाला नाही. तरीही पाठवावंच लागलं तर पीडीएफच्या आत नाव खोडून भागत नाही, फाईलच्या नावातही मुलाचं नाव असतं, तेही बदला.

दुसरा, रजिस्ट्री, म्हणजे एका आजाराच्या पेशंटची नोंदवही. मला सर्वात पटलेला हा. केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय रजिस्ट्री आहे, आणि आपल्याकडे मुंबईचं केईएम हॉस्पिटल हे त्या धोरणातल्या सेंटर ऑफ एक्सलन्सपैकी एक. रजिस्ट्रीची रीत अशी की मुलाला एक कोड मिळतो, कोड कुणाचा ती यादी वेगळी कुलपात राहते आणि संशोधकाला फक्त कोड दिसतो. ही यादी नक्की कुणाकडे राहणार हे मात्र विचाराच. फायदा काय, तर डीएमडीच्या जीनमध्ये 79 एक्सॉन, म्हणजे तुकडे, आहेत आणि औषध सगळ्यांना एकच चालत नाही. 45 ते 50 नंबरचे तुकडे गळालेले असतील तर एक्सॉन 51 वगळणारं औषध त्या मुलाच्या कामाचं, दुसऱ्या मुलाच्या नाही. औषधाची चाचणी, म्हणजे ट्रायल, काढणारी कंपनी विचारते असे किती पेशंट आहेत, रजिस्ट्री आकडा देते, नावं देत नाही, आणि मग रजिस्ट्रीच घरच्यांना कळवते. ट्रीट-एनएमडी नावाचं आंतरराष्ट्रीय जाळं आहे स्नायूंच्या आजारांसाठी, तेही साधारण याच पद्धतीने चालतं. तोटा एवढाच की माहिती जुनी पडते, मुलगा चालायचा थांबला तरी रजिस्ट्रीत तो चालताच असतो, कारण अपडेट करायला कुणी बसलेलं नसतं. वर्षातून एकदा आपणच फोन करायचा.

तिसरा मार्ग ज्यांना अजून निदानच नाही त्यांच्यासाठी. जीनमॅचर नावाची वेबसाईट, 2013 पासून आहे. तुमचे डॉक्टर त्यात संशयित जीनचं नाव टाकतात, जगात दुसऱ्या कुणी तेच टाकलं असेल तर दोघांनाही मेल जातो, मग ते आपसात बोलतात. पूर्ण डीएनए जात नाही, फोटो जात नाही. इतकी कमी माहिती देऊन इतका मोठा फायदा होऊ शकेल असं दुसरं काही मला तरी सापडलं नाही, कारण आजार याच जीनमुळे आहे हे एकट्या पेशंटवरून सहसा सिद्ध होत नाही, दुसरा सापडला की होऊ शकतं. आम्हाला निदान आधीच मिळालंय म्हणून आम्ही इकडे गेलो नाही, पण तुमचं मूल निदानाशिवाय असेल तर पुढच्या भेटीत हेच आधी विचारा.

चौथा, पूर्ण जीनोम देणं, म्हणजे मुलाचा सगळा डीएनए वाचून काढलेली माहिती. इथे जपून. 2013 मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं की नाव नसलेल्या जीनोममधल्या वाय क्रोमोसोमवरून, वंशावळीच्या वेबसाईटवर शोधून आडनाव काढता येतं, आणि त्यांनी जवळपास 50 माणसं ओळखली. डीएनए बदलता येत नाही, पासवर्डसारखा नाही तो. म्हणून इथे प्रश्न एकच, संशोधक डेटा घरी नेणार का डेटाकडे येणार? युरोपियन जीनोम-फिनोम अर्काइव्हसारख्या, असा डेटा साठवणाऱ्या ठिकाणी समितीची परवानगी मिळाली की फाईल उतरवून घेता येते, म्हणजे पुढे तुमचा भरवसा त्या संशोधकाच्या कॉम्प्युटरवर. जीनोमिक्स इंग्लंड या तिथल्या सरकारी संस्थेत उलट, संशोधक लॉगिन करून आतच काम करतो आणि बाहेर फक्त तपासलेले निष्कर्ष जातात. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या लोकांना एनएचएसमधून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतून, हे विचारलं जाऊ शकतं, तर मी म्हणेन द्या. इथे कुणी जीनोम मागितला तर हाच फरक विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा.

कायद्याचं थोडक्यात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 च्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती लागते आणि ती मागे घेता येते, पण संशोधनाला काही अटींवर सूट आहे, त्यामुळे फॉर्मवर काय लिहिलंय त्यालाच किंमत. 'भविष्यातील कोणत्याही संशोधनासाठी' असं वाक्य असेल तर या आजारापुरतं करून मागा, आम्ही मागितलं आणि त्यांनी करून दिलं. मधेच संमती काढली तर पुढचा वापर थांबतो, आधी झालेलं विश्लेषण परत येत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

मुलालाही विचारायचंय. आयसीएमआरच्या 2017 च्या नियमांत 7 वर्षांपासून मुलाचा तोंडी आणि 12 नंतर लेखी होकार घ्यायला सांगितलाय. भाच्याने फॉर्म पूर्ण वाचला, हात दुखतो म्हणून मधे थांबला, मग विचारलं, "मावशी, शाळेला कळणार का?" नाही म्हटलं, कोड कसा असतो ते कागदावर काढून दाखवलं, तेव्हा त्याने रजिस्ट्रीच्या फॉर्मवर सही केली. जीनोमचा दुसरा फॉर्म अजून तसाच आहे, डेटा कुठल्या सर्व्हरवर राहणार या प्रश्नाला उत्तर आलेलं नाही, ते येईपर्यंत तो कपाटातच राहील.