पहिलं मॉडेल रॉकेट: अल्फा घ्यावं की बिग बर्था?

स्वतःच्या हातानं मॉडेल रॉकेट बांधायचं ठरलं, की शोधाची गाडी बहुतेक वेळा एस्टेस कंपनीच्या दोन जुन्या किटपाशी येऊन थांबते: अल्फा आणि बिग बर्था. दोन्ही 1960 च्या दशकातली. दोन्हींत कागदी नळी, बाल्सा या हलक्या लाकडाचे पंख आणि प्लास्टिकचं पॅराशूट. मोटरही (रॉकेटला वर ढकलणारं आणि शेवटी पॅराशूट बाहेर फेकणारं इंधनाचं नळकांडं) एकाच मापाची, 18 मिलिमीटर जाड आणि 70 मिलिमीटर लांब. मोटर तीच आणि अंगं मात्र दोन वेगळी, त्यामुळे निवड वाटते त्यापेक्षा सोपी आहे.

खोक्यावरचा आकडा पाहिला तर अल्फा जास्तीत जास्त 1000 फूट, म्हणजे सुमारे 300 मीटर जातं, आणि बर्था 500 फूट. नवा माणूस साहजिकच हजाराकडे ओढला जातो. माझं मत उलट आहे: पहिलं रॉकेट बर्था असावं, अल्फा दुसरं.

उंची आणि डोळ्यांना दिसणारं उड्डाण

अल्फा जवळपास 31 सेंटिमीटर लांब, नळी 25 मिलिमीटरच्या आसपास, वजन मोटर सोडून 20–25 ग्रॅम. बर्था 61 सेंटिमीटर लांब, नळी साधारण 42 मिलिमीटर, वजन 60–70 ग्रॅम. नळीची जाडी पावणेदोन पटीला थोडी कमी, पण हवेला आडवं येणारं क्षेत्रफळ जाडीच्या वर्गानं वाढतं, म्हणून ते जवळपास पावणेतीन पट. वजन आणि हवेचा विरोध दोन्ही बर्थाच्या वाट्याला जास्त आले, म्हणून तिचा वेग आणि उंची कमी.

पण 300 मीटरवरचं 31 सेंटिमीटरचं रॉकेट आपल्या डोळ्यांना पूर्ण चंद्राच्या नवव्या भागाएवढं दिसतं. धूर विरला की ते शोधावं लागतं, आणि मान वर करून बसलेल्यांतल्या निम्म्यांना पॅराशूट उघडल्याचं कळतही नाही. 150 मीटरवरचं बर्था चंद्राच्या निम्म्याएवढं दिसतं. शिवाय ते उड्डाणाच्या उभ्या दांडीवरून संथपणे उठतं, त्यामुळे मोटर पेटल्यापासून विझेपर्यंतचा सगळा प्रवास नजरेत मावतो. अल्फा सुटतं तेव्हा एक 'फुस्स' ऐकू येतो आणि दांडी रिकामी झालेली असते. ज्यानं आठवडाभर पॉलिश पेपर घासलाय, त्याला आपलं रॉकेट उडताना दिसायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

बांधताना

अल्फाला तीन पंख, बर्थाला चार. तीन पंखांना नळीवर 120 अंशांच्या खुणा करायच्या, चारांना 90 अंशांच्या. किटमध्ये खुणांची कागदी पट्टी मिळते, ती नळीभोवती गुंडाळली की काम होतं. त्यामुळे या बाबतीत दोघांत फरक नाही. खरा फरक पंखांच्या आकारात आहे. बर्थाचे पंख मोठे, गोलसर कडांचे. हाताळायला सोपे, तिरके लागले तर लगेच डोळ्यात भरतात. अल्फाचे पंख लहान आणि मागे झुकलेले; नळी बारीक असल्यानं थोडासा तिरकेपणा नजरेतून सुटतो आणि उडताना रॉकेट स्वतःभोवती फिरत उंची गमावतं. पंख बसवल्यावर गोंद ओला असतानाच रॉकेट शेपटीकडून डोळ्यासमोर धरून नळीच्या रेषेत पाहावं. ही सवय दोघांनाही लागू आहे, पण अल्फाला तिच्यावाचून गत्यंतर नाही.

गोंद लाकडाचा पांढरा किंवा पिवळाच वापरा. तो कागदात आणि बाल्सात मुरतो, आणि सुकल्यावर सांधा आजूबाजूच्या लाकडापेक्षा मजबूत होतो. पंखाच्या बुडाला आणि नळीवरच्या रेषेला एकेक पातळ हात द्यावा, तो चिकट होऊ द्यावा, मग दुसरा हात देऊन दाबून धरावं. पंख पक्के झाले की दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यात गोंदाची पातळ गोलाई फिरवायची आणि रॉकेट आडवं ठेवून सुकवायचं, नाहीतर गोंद ओघळून खाली साचतो. बर्थाला ही गोलाई नीट द्याच. जड रॉकेट कडक जमिनीवर पंखांवर आपटलं, की पहिला तुटतो तो हा सांधा.

घासकामाचा हिशेब मात्र वेगळा. अल्फा वेगवान आहे, म्हणून पंखाची पुढची कड गोल आणि मागची कड निमुळती केल्याचं चीज उंचीत होतं. बर्थाच्या वेगाला तेवढा फायदा होत नाही, पण तिचे पंख मोठे असल्यानं बाल्साच्या रेषा रंगातून डोकावतात. त्या बुजवायला सीलरचे (लाकडाची छिद्रं भरणाऱ्या लेपाचे) तीन-चार हात आणि प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर, एवढं करावंच लागतं. सीलर दोन्ही बाजूंना सारखा लावायचा. एकाच बाजूला लावला तर पातळ पंख वाकतो. पंखाचं बुड मात्र कोरं ठेवायचं, कारण तिथे गोंद मुरायला हवा. सुबक रंगकाम हीच ज्यांची हौस आहे, त्यांना बर्थाची लांबरुंद नळी फार आवडेल.

बर्थाचा आणखी एक फायदा पहिल्या उड्डाणाच्या दिवशी कळतो. तिच्या रुंद नळीत न जळणारं वॅडिंग (पॅराशूटला मोटरच्या आगीपासून जपणारा कागद) आणि पॅराशूट सैलसर बसतं. अल्फाच्या नळीत पॅराशूट बारीक गुंडाळून घालावं लागतं. जरा जास्त दाबलं तर मोटरच्या धक्क्यानं ते बाहेर पडत नाही आणि रॉकेट नाकावर येतं. घालण्याआधी पॅराशूटवर टाल्कम पावडर शिंपडली की घड्या चिकटत नाहीत.

मोटर: अक्षर, आकडा, आकडा

मोटरवर B6-4 असं काही लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण आवेग, म्हणजे सरासरी रेटा गुणिले तो टिकतो तेवढा वेळ: A मध्ये 2.5 न्यूटन-सेकंदांपर्यंत, B मध्ये 5 पर्यंत, C मध्ये 10 पर्यंत. प्रत्येक अक्षराला कमाल ताकद दुप्पट. पहिला आकडा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. दुसरा आकडा रेटा संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकलं जाईपर्यंतचे सेकंद.

नवे लोक अक्षराकडे पाहतात आणि शेवटच्या आकड्याकडे दुर्लक्ष करतात, पण रॉकेट वाचवतो तो शेवटचा आकडा. हलकं, निमुळतं अल्फा मोटर विझल्यावरही बराच वेळ वर जात राहतं, म्हणून C मोटर घातली तर त्याला 7 सेकंदांचा विलंब शोभतो. जाड, जड बर्थाचा वेग लवकर ओसरतो. तिला तोच विलंब दिला तर ती खाली सूर मारत असताना पॅराशूट उघडेल आणि शॉक कॉर्ड (नाक आणि नळी जोडणारी दोरी) नळीला वरून खाली चिरत जाईल. तिच्यासाठी C6-5 किंवा त्याहून कमी विलंब. B6-4 दोघांनाही चालते, म्हणून पुढे दोन्ही बांधायची असतील तर तीच घेऊन ठेवा. अल्फाचं पहिलं उड्डाण A8-3 वर करावं. बर्थाला A मोटर माझ्या मते तोकडी पडते.

मोटरच्या आत काळी दारू, म्हणजे बंदुकीची दारू, दाबून भरलेली असते आणि ती एकदाच वापरायची. ती उघडायची नाही, पुन्हा भरायची नाही, घरी बनवायची तर मुळीच नाही. हा छंद जन्मला तोच या कारणासाठी. 1950 च्या दशकात अमेरिकेत मुलं घरी इंधन कालवून जखमी होत होती. 1954 मध्ये नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे ऑरव्हिल कार्लाइल यांनी भावासह बदलता येणाऱ्या मोटरचं पहिलं मॉडेल रॉकेट बनवलं, आणि पुढे व्हर्नन एस्टेस यांनी 'मेबल' नावाचं यंत्र उभारून कारखान्यातल्या सुरक्षित मोटरींचा मार्ग मोकळा केला.

मैदान आणि वारा

अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची सुरक्षा संहिता मैदानाची किमान बाजू मोटरवरून ठरवते: A ला 30 मीटर, B ला 60, C ला 120. ही किमान मापं. 300 मीटरवरून सेकंदाला 4 मीटर वेगानं उतरणाऱ्या अल्फाला 75 सेकंद लागतात; वाराही सेकंदाला 4 मीटर असेल तर ते 300 मीटर लांब वाहून जाईल. C मोटर घातलेलं अल्फा छोट्या मैदानात उडवलं, की रॉकेट झाडावर किंवा कुणाच्या तरी छपरावर गेलं म्हणून समजा. A मोटरवर मात्र हेच अल्फा आटोपशीर मैदानात छान उडतं, आणि जागा खरोखर लहान असेल तर माझा बर्थाचा आग्रह मी मागे घेतो.

बर्थाची दुखरी बाजू वारा आहे. सुमारे 90 सेंटिमीटरची दांडी सोडताना तिचा वेग कमी असतो आणि पंख मोठे, त्यामुळे ती वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवते आणि सरळ वर जाण्याऐवजी तिरकी जाते. संहिता ताशी 32 किलोमीटरपर्यंत वारा चालवून घेते. बर्थासाठी मी त्याच्या निम्म्यावरच थांबेन. सकाळी लवकरची शांत हवा तिला मानवते.

बाकीचे नियम दोघांना सारखेच: इतक्या लहान मोटरींसाठी दांडीपासून 5 मीटर दूर उभं राहायचं, दांडी उभ्या रेषेपासून 30 अंशांपेक्षा जास्त झुकवायची नाही, मोटर पेटली नाही तर पेटवण्याच्या स्विचची सुरक्षा किल्ली काढून 60 सेकंद थांबायचं आणि मगच जवळ जायचं. विजेच्या तारेत अडकलेलं रॉकेट सोडून द्यायचं.

बाल्साला घाबरणाऱ्यांसाठी अल्फा 3 आहे. त्याचे पंख एकाच प्लास्टिक साच्यातले, त्यामुळे तासाभरात तयार. लहान मुलांच्या गटाला ते उत्तम. पण हातानं पंख बसवण्याचा सगळा आनंद त्यात वजा होतो, म्हणून एकट्यानं शिकणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

किट घेण्याआधी एक चौकशी जरूर करा: तुम्ही राहता तिथे काळ्या दारूच्या मोटरी कायदेशीरपणे मिळतात का आणि मैदानाला परवानगी लागते का. मोटर मिळाली नाही तर दोन्ही रॉकेटं शोभेची वस्तू होतील.

बर्था निवडलीत, तर मोटरची नळी चिकटवण्यापूर्वी थोडा विचार करा. रुंद अंगामुळे तिच्यात 24 मिलिमीटरची मोटर बसेल असा बदल करता येतो, आणि D12-5 वर ती फार देखणी उडते. पण ती मोटर B6 च्या दुपटीहून जड आहे आणि सगळं वजन शेपटीला येतं, म्हणून नाकात वजन घालून गुरुत्वमध्य (जिथे रॉकेट तोलून राहतं तो बिंदू) दाबमध्याच्या (जिथे हवेचा जोर एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे निदान एका नळीच्या जाडीएवढा आणावा लागतो. हा बदल दुसऱ्या बर्थासाठी राखून ठेवा. पहिली किटमधल्या कागदाबरहुकूम बांधा.